बडोद्याचा मराठी तरुण आणि ‘कायम’ नोकरी : पार्श्वभूमी

वधूवर मेळाव्याच्या छापील अर्जात ‘नोकरीचे स्वरूप : कायम / कंत्राटी’ असा एक रकाना असतो, आणि बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांतले पंचविशी-तिशीचे कितीतरी मुलगे तो सर्वांत शेवटी भरतात. आजचे तरुण खचत चालले आहेत का, या प्रश्नाचा निदान बडोद्यापुरता इतिहास या रकान्यापाशी येऊन थांबतो, असे मला वाटते.

मराठी माणूस इथे गायकवाडांच्या फौजेबरोबर आला आणि पुढे दप्तरात स्थिरावला. शिलेदारी गेली, तरी कारकुनी आणि मास्तरकी हे कर्तेपणाचे माप होऊन बसले. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० साली कलाभवन निघाले, यंत्रविद्या आणि रंगविद्येचे शिक्षण सुरू झाले, दादासाहेब फाळके तिथे शिकले. पण पांढरपेशा घरांचा ओढा कचेरीकडेच राहिला. १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण संस्थानभर सक्तीचे झाले, आणि (हे आज सहसा कोणाला आठवत नाही) ते मुलींनाही लागू होते.

१ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० मध्ये गुजरात वेगळा झाला आणि मराठीचा दरबारी आधार सुटला. तरीही घरे सावरली, कारण शहराजवळची कोयलीची तेल रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली, पाठोपाठ १९६९ मध्ये आयपीसीएल ही सरकारी पेट्रोरसायन कंपनी आली. ‘मुलगा रिफायनरीत लागला’ एवढ्यावर सोयरीक ठरे. कंपनीची बस, क्वार्टर आणि फंड यांची चौकशीही कोणी करत नसे. २००२ मध्ये आयपीसीएल खासगी हातात गेली, २००७ मध्ये रिलायन्समध्ये विलीन झाली. दरम्यान सगळीकडेच कायम भरती आटली आणि ठेकेदारामार्फत घेतलेल्या माणसांची संख्या वाढली.

मधल्या काळात स्थळांचे गणितही बदलले. २००१ च्या जनगणनेत गुजरातमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८८३ मुली होत्या. ते मुलगे आज लग्नाचे झाले आहेत. शिवाय २०२०-२१ च्या सर्वेक्षणात देशातील उच्च शिक्षणातील नोंदणीचे प्रमाण मुलींचे २७.९ टक्के, तर मुलांचे २६.७ टक्के होते. मुलींच्या अपेक्षा वाढल्या अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. मुलग्याला जोखण्याचे माप मात्र आजोबांच्या वेळचेच आहे, याची तक्रार कोणी करत नाही. वडील ज्या गेटातून तीस वर्षे ये-जा करत होते, त्याच गेटातून मुलगा ठेकेदाराच्या पासावर आत जातो, आणि अर्ज भरताना कंपनीचे नाव लिहायचे की ठेकेदाराचे, हे वडिलांनाच विचारतो.