आठवड्याचं न्हाणं, रोजची फणी: मराठवाड्यातल्या केसांच्या सवयींची पार्श्वभूमी

जानेवारी २०२५ मध्ये बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात गावंच्या गावं केसगळतीनं धास्तावली, तेव्हा पहिला संशय पाण्यावर गेला. पुढे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. शेगाव विदर्भातलं, पण केसांचं काही बिनसलं की पाण्याला बोल लावायचा, ही रीत मराठवाड्यातही जुनीच. ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही, कारण इथल्या केसांच्या सवयी घडल्या त्या पाण्याच्या टंचाईतून.

तेल-फणी रोज आणि न्हाणं आठवड्यातून एकदा, असा जुना शिरस्ता होता. डोक्याला नित्य तेल लावावं, त्यानं केस गळत नाहीत, असं चरकसंहिता सांगते. पण न्हाण्याचा वार ठरवायला ग्रंथ लागत नव्हता. लांब केस धुवायला हंडाभर पाणी आणखी लागायचं, आणि तो हंडा आडावरून बाईच्याच डोक्यावर यायचा.

शिकेकाई आणि रिठ्याचा फेस बेताचाच, पण जड पाण्यात त्यांचं चांगलं निभतं. साबणाचं तसं नाही. पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी त्याची गाठ पडली की पांढरट साका तयार होतो, तो केसांवर बसतो आणि केस राठ होतात. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधन विहिरी वाढत गेल्या. बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड निघालं, आणि नेमक्या त्याच काळात शिकेकाई मागे पडून साबणाची वडी न्हाणीत आली. केस राठ झाल्याची तक्रार या जोडीतून आली असावी, असं मला वाटतं. बोल मात्र एकट्या पाण्याला लागला.

नारळ इथला नव्हे. घाण्यावर निघायचं ते करडईचं, तिळाचं, जवसाचं तेल. खोबरेल दुकानातून यायचं. ते प्लास्टिकच्या बाटलीत आलं १९८० च्या दशकात. तमिळनाडूतल्या कडलूरमध्ये १९८३ साली सुरू झालेल्या ‘चिक’सारख्या कंपन्यांनी शॅम्पूची पुडी खेड्यापर्यंत नेली. खोबरेलामुळे केसांतलं प्रथिन कमी झिजतं, सूर्यफुलाच्या तेलानं तसं होत नाही, असं २००३ च्या एका संशोधनात दिसलं. ते खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांनी केलं होतं, हेही ध्यानात ठेवावं. तेलानं केस तुटायचे वाचतात. नवे उगवत नाहीत.

फणीला मात्र तोड नव्हती. गुंता निघायचा, उवा निघायच्या, आणि निघालेलं गुंतवळ साठवून दारावर येणाऱ्या बाईकडून त्यावर भांडं घेतलं जायचं. जिथे फणी थांबली तिथे जट झाली. तिला देवीचं देणं मानून वर्षानुवर्षं डोक्यावर वागवणाऱ्या बायका या भागात आजही भेटतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते त्यांची समजूत घालून जट कापतात.

रोज डोकं धुवावं हे जाहिरातींनी शिकवलं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरला ते कसं परवडावं?

दाट केसांचं म्हणाल, तर मूळ घडण जन्मजात असते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि रोज ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक असतं. आठवड्यानं न्हाणारीच्या हाती सैल झालेले केस एकदम येतात, म्हणून ती घाबरते. मोठा ताप किंवा बाळंतपण झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस झडतात. तोवर ताप विसरलेला असतो आणि दोष नव्या तेलाला जातो. शरीरात लोह कमी पडलं तरी केस विरळ होऊ शकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. हिमोग्लोबिनची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. तेल बदलण्याआधी ती करून घ्यावी.