तेल चोळल्याने सापाचे माइट जातात का?

बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) पाळणाऱ्यांत एक नुस्खा वर्षानुवर्षं फिरतोय: सापाला ऑलिव्ह तेल चोळा, कोमट पाण्यात बुडवून ठेवा, माइट, म्हणजे अंगावरचे बारीक रक्तपिपासू जीव, गुदमरून मरतील. मरतात, पण तेवढेच जे त्या क्षणी अंगावर असतात. पाण्यात ठेवलं तर काही माइट पाण्याबाहेर राहिलेल्या डोक्याकडे सरकून वाचतातही.

खरा अड्डा साप ठेवलेल्या पेटीत असतो. सापावरचा हा माइट, ऑफिओनिसस नॅट्रिसिस, रक्त पिऊन झालं की अंगावरून उतरतो. मादी अंडी घालते ती पेटीच्या कोपऱ्यांत, फटींत, लाकडाच्या तुकड्याखाली. पाच अवस्थांपैकी रक्त पिणाऱ्या दोनच: प्रोटोनिम्फ (अळीनंतरची अवस्था) आणि प्रौढ. बाकीच्यांना सापाची गरजच नसते. उबदार पेटीत अंड्यापासून प्रौढापर्यंत साधारण दोन ते तीन आठवडे पुरतात, म्हणून आज स्वच्छ दिसणारा साप पुन्हा काळ्या ठिपक्यांनी भरतो.

तेव्हा पेटी पूर्ण रिकामी करा. खालचा भुसा फेकून साधा कागद अंथरा, तोही वरचेवर बदला. पेटी गरम पाण्याने धुवा, फटी सोडू नका. औषध सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारूनच, आणि उपचार काही आठवड्यांनी पुन्हा, कारण अंड्यांवर औषधाचा भरवसा नसतो. आयव्हरमेक्टिन हे परजीवी मारणारं औषध घरी असेल तर कासवाजवळ मुळीच नेऊ नका. कासवांना ते जीवघेणं ठरतं.

(भारतातले देशी साप पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. धामण घरी ठेवून तिला तेल लावणाऱ्यांसाठी वरचा सल्ला नाही, त्यांनी आधी वनखात्याला फोन करावा.)