भूविज्ञानाचे विद्यापीठीय शिक्षण, सोलापूर

सोलापुरात भूविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण मुख्यतः पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या भूशास्त्र संकुलात मिळते. विद्यापीठाची स्थापना २००४ ची. आवार पुणे रस्त्यावर केगावला. उपयोजित भूविज्ञान, पर्यावरणशास्त्र आणि भूमाहितीशास्त्र (उपग्रहचित्रे व संगणकी नकाशांवरून जमिनीचा अभ्यास) हे संकुलातील एम.एस्सी.चे विषय.

खडकांची विविधता पाहायची तर सोलापूर ही गैरसोयीची जागा आहे. जवळजवळ सगळ्या जिल्ह्याखाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट पसरला आहे, तोही बहुतांशी आडव्या थरांत. खडकांच्या वळ्या किंवा तिरपे थर मोजण्याचा सराव इथे होत नाही. त्यासाठी कर्नाटकातील बागलकोट-बदामीकडचे, बेसाल्टपेक्षा कितीतरी जुने गाळाचे खडक त्यातल्या त्यात जवळचे.

मात्र भूजल शिकायला हाच जिल्हा उत्तम. पर्जन्यछायेच्या या प्रदेशात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि अखंड काळा पाषाण पाणी धरत नाही. पाणी मुरते ते झिजलेल्या मुरमात, भेगांत आणि विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात त्या सच्छिद्र थरात. दोन लाव्हा थरांमधली तांबडी माती पाणी अडवते आणि बोअरमध्ये ढासळतेही. हे थर वरून ओळखण्यासाठी विद्युत रोधकता पद्धत वापरतात: जमिनीत चार खुंट्या रोवून बाहेरच्या दोहोंतून वीजप्रवाह सोडायचा आणि आतल्या दोहोंमधला विद्युत दाब मोजायचा. घट्ट खडक जास्त रोध दाखवतो, ओला मुरूम कमी. पण चिकण माती आणि खारे पाणीही कमीच रोध दाखवतात, त्यामुळे या मोजमापाच्या आलेखाला आसपासच्या विहिरींच्या नोंदींची जोड लागते. गावात बोअर घ्यायचे ठरले की पहिले बोलावणे अजूनही बऱ्याचदा पाणाड्यालाच, म्हणजे पारंपरिक रीतीने पाण्याची जागा सांगणाऱ्याला, जाते, ही गोष्ट वेगळी.

मातीचा अभ्यासही बेसाल्टपासूनच सुरू होतो. मंगळवेढ्याची खोल काळी माती त्याच्याच झिजेतून झाली. ती ओल धरून ठेवते, म्हणून पाऊस सरल्यावरही रब्बीची ज्वारी येते. सांगोल्याच्या हलक्या, मुरमाड रानात पाणी साचत नाही. तिथे डाळिंब पिकते.

३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप शेजारच्या लातूर-धाराशिव भागात झाला. द्वीपकल्पीय पठार तोवर बरेचसे स्थिर समजले जाई. पुढे किल्लारीजवळ घेतलेल्या खोल छिद्रात बेसाल्टची जाडी सुमारे ३४० मीटर भरली. त्याखाली प्राचीन पायाभूत खडक लागला. असे हादरे त्या खालच्या खडकातील जुन्या विभंगांशी, म्हणजे खडक सरकलेल्या भेगांशी, जोडले जातात. वरच्या लाव्हामुळे ते दिसत नाहीत, म्हणून खडक हातात घेऊन पाहण्याइतकेच भूभौतिक मोजमापही शिकावे लागते.

पदव्युत्तर पदवीनंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळातील पदांसाठी संघ लोकसेवा आयोगाची संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा असते. अध्यापनाकडे वळणारे नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा देतात.