आवाज तुटतो तेव्हा ड्रायव्हर काय करत असतो?

वारीच्या आधी अभंग आणि गड्ड्याच्या यात्रेच्या आधी सिद्धरामेश्वरांची गाणी, असा सोलापुरातल्या घरगुती ध्वनिमुद्रणाचा हंगाम असतो. लॅपटॉप, एक माइक आणि यूएसबीने जोडायचा छोटा ऑडिओ इंटरफेस एवढ्यावर काम भागते. तक्रारी मात्र ठरलेल्या असतात. गाताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून येतो, नाहीतर मुद्रित झालेल्या आवाजात मध्येच तडतड ऐकू येते. अशा वेळी बहुतेक जण पहिला उपाय म्हणून ड्रायव्हर, म्हणजे इंटरफेस आणि लॅपटॉप यांच्यात दुवा साधणारा प्रोग्राम, काढून पुन्हा टाकतात. माझ्या मते तो शेवटचा उपाय आहे, कारण या दोन्ही तक्रारींत ड्रायव्हर बहुधा बिघडलेला नसतो. त्याला आपले काम वेळेत उरकायला मिळत नसते, आणि त्याचा वेळ कोण खातो हे शोधून काढावे लागते.

माइकमधून येणारा विद्युत संकेत इंटरफेस सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजतो. माणसाच्या कानाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, आणि कोणतेही कंपन नीट टिपायचे तर त्याच्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेळा मोजणी करावी लागते. म्हणून हे दोन्ही आकडे ४०,००० च्या वरचे आहेत. यातली प्रत्येक मोजणी, म्हणजे सॅम्पल, सुटे सुटे प्रोसेसरकडे नेणे परवडत नाही. ड्रायव्हर त्यांचा गठ्ठा होऊ देतो आणि मगच तो पुढे देतो. हा गठ्ठा साठवण्याची जागा म्हणजे बफर. सोलापूरकरांना बफर समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत: उजनीचे पाणी काही दिवसांआड येते म्हणून घरोघर टाकी असते, टाकी मोठी असली की पाणी यायला उशीर झाला तरी नळ कोरडा पडत नाही, पण नळातून येणारे पाणी तितकेच जुने असते.

४४,१०० च्या वेगाने २५६ सॅम्पलचा बफर भरायला ५.८ मिलिसेकंद लागतात आणि १,०२४ सॅम्पलचा भरायला २३.२. आवाज आत येताना एक बफर आणि बाहेर जाताना दुसरा, शिवाय यूएसबीचा प्रवास आणि संकेताचे रूपांतर धरले, तर २५६ च्या बफरलाही पूर्ण फेरी बारा मिलिसेकंदांच्या पुढे जाते. हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे ही दिरंगाई चार मीटरवर बसलेल्या पेटीवाल्याची पेटी ऐकण्याइतकीच झाली, आणि तेवढ्याने कोणाचा ताल चुकत नाही. गायकाचे मात्र वेगळे आहे. त्याचा स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून त्याला तत्क्षणी पोहोचतो, हेडफोनमधला आवाज त्यावर थोड्या उशिराने येऊन आदळतो, आणि दोन्हींच्या मिश्रणात काही वारंवारता एकमेकींना खोडून काढतात. त्यामुळे कीबोर्ड वाजवणाऱ्याला ज्या दिरंगाईची जाणीवही होत नाही, तिच्यामुळे गायकाला आपला आवाज पोकळ आणि परका वाटू लागतो.

मग बफर लहान करावा, तर तडतड सुरू होते. या ठिकाणी बहुतेकांचा गोंधळ होतो, कारण टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर जेमतेम पंधरा-वीस टक्के वापरात दिसतो आणि तरीही आवाज तुटत असतो. ही टक्केवारी सरासरी असते. बफरला सरासरीशी कर्तव्य नसते, दर ५.८ मिलिसेकंदांनी पुढचा गठ्ठा तयार हवा, एकदाही उशीर झाला की तेवढ्या जागी खंड पडतो आणि कानाला टक्क ऐकू येते. विंडोज ही काटेकोर वेळ पाळण्यासाठी बांधलेली प्रणाली नाही. वाय-फाय, ग्राफिक्स कार्ड किंवा बॅटरी यांचे ड्रायव्हर मध्येच प्रोसेसर ताब्यात घेतात, आणि त्यांतला एखादा आळशीपणे लिहिलेला असेल तर तो काही मिलिसेकंद सोडतच नाही. तेवढ्यात ऑडिओचा हप्ता चुकतो. म्हणजे तडतड ऑडिओच्या ड्रायव्हरमधून ऐकू येते, पण गुन्हेगार शेजारचा असतो. लेटन्सीमॉन नावाचा मोफत प्रोग्राम दहा मिनिटे चालू ठेवला, तर कोणत्या ड्रायव्हरने सर्वाधिक वेळ अडवला ते नावानिशी दिसते. तेवढाही खटाटोप नको असेल तर वाय-फाय बंद करून पाहावे आणि पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवावा, पुष्कळ लॅपटॉपांची तडतड एवढ्यानेच थांबते.

सोलापुरातल्या उन्हाळ्यात याला आणखी एक पदर जोडला जातो. मुद्रण करताना पंख्याचा आणि कूलरचा आवाज नको म्हणून दोन्ही बंद केले जातात, शेजारच्या यंत्रमागांची खडखड आत येऊ नये म्हणून खिडक्याही लावल्या जातात, आणि बाहेर चाळीस अंशांच्या वर पारा असताना त्या कोंडलेल्या खोलीत लॅपटॉप तापत जातो. ठराविक तापमानापुढे प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतो. पहिले दोन अभंग स्वच्छ आणि तिसऱ्यापासून तडतड, असा क्रम दिसला तर ड्रायव्हरला हात लावू नये. लॅपटॉपखाली हवा खेळू द्यावी, जड प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडलेले, आवाजावर प्रक्रिया करणारे प्रोग्राम) बंद करावेत आणि शक्यतो पहाटे मुद्रण करावे.

यूएसबीच्या केबलकडेही संशयाने पाहावे. पेनड्राइव्हवर फाइल पाठवताना एखादा तुकडा खराब झाला तर तो पुन्हा पाठवला जातो, पण यूएसबीवरून ऑडिओ नेण्याच्या पद्धतीत अशी दुसरी संधी नसते, कारण उशिरा पोहोचलेल्या आवाजाचा काही उपयोग नसतो. त्यामुळे जी केबल किंवा जो हब फाइलींसाठी ठणठणीत आहे, तोच ध्वनिमुद्रणात दगा देऊ शकतो.

ड्रायव्हरची निवड हा भाग त्या मानाने सोपा आहे. विंडोजच्या नेहमीच्या मार्गाने ब्राउझर, सूचनांचे आवाज आणि आपले गाणे असे सगळे एकत्र मिसळून बाहेर जाते आणि त्यात वेळ जातो. जर्मनीतल्या श्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये आणलेला एएसआयओ हा मार्ग ही मिसळण टाळून रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर थेट इंटरफेसशी जोडतो. इंटरफेसच्या निर्मात्याने स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर दिला असेल तर तोच वापरावा. एएसआयओ-फॉर-ऑल हा विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेला मुखवटा आहे. अंगभूत साउंड कार्डाला तो उपयोगी पडतो, पण चांगल्या इंटरफेसवर त्याची गरज नसते. मॅकवर कोअर ऑडिओ मुळातच असल्याने ही निवड करावी लागत नाही. ‘डिव्हाइस सापडत नाही’ असा संदेश आला तर आधी ब्राउझर बंद करून पाहावा, कारण दुसऱ्याच प्रोग्रामने इंटरफेस अडवून ठेवलेला असण्याची शक्यता मोठी असते. माइक जोडलेला असूनही पूर्ण शांतता असेल, तर विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये मायक्रोफोनची परवानगी बंद आहे का ते पाहावे.

एक दोष मात्र ऐकताक्षणी ओळखता येतो. गाणे ४४,१०० ला मुद्रित झाले आणि इंटरफेस ते ४८,००० ने वाजवू लागला, तर पाच मिनिटांचे गाणे चार मिनिटे छत्तीस सेकंदांत संपते आणि स्वर जवळजवळ दीड अर्धस्वराने चढतो. काळी दोनमध्ये गायलेला अभंग पांढरी तीन आणि पांढरी चार यांच्या मध्येच कुठेतरी लटकतो. सॉफ्टवेअर आणि इंटरफेस यांचा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या मोजण्यांचा आकडा, एकच करणे एवढाच याचा इलाज आहे. आणि सतत खर्जात घुमणारी घरघर ऐकू आली तर ती ५० हर्ट्झच्या घरगुती विजेची आणि तिच्या पटींची असते. चार्जर काढल्यावर ती गेली, तर दोष अर्थिंगच्या जोडणीत आहे.

गायकासाठी इंटरफेसवरचे ‘डायरेक्ट मॉनिटर’ बटण सर्वांत सोयीचे. त्यामुळे माइकचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनमध्ये येतो आणि बफर मोठा ठेवता येतो. फक्त सॉफ्टवेअरमधले मॉनिटरिंग, म्हणजे संगणकातून फिरून हेडफोनमध्ये येणारा माइकचा आवाज, तेव्हा बंद करावे, नाहीतर एकच आवाज दोनदा ऐकू येतो. तरीही मुद्रित ट्रॅक तबल्याच्या मागे पडत असेल, तर इंटरफेसचे आउटपुट एका केबलने त्याच्याच इनपुटला जोडून मेट्रोनोमचा टोला मुद्रित करावा आणि मूळ टोल्यापासून तो किती सॅम्पल मागे पडला ते मोजावे. ३०० सॅम्पलचा फरक आला तर तो ६.८ मिलिसेकंदांचा असतो. हाच आकडा सॉफ्टवेअरच्या रेकॉर्डिंग ऑफसेटमध्ये भरला, की पुढचे ट्रॅक आपापल्या जागी बसतात. बफर किंवा सॅम्पल रेट बदलला तर ही मोजणी पुन्हा करावी लागते.