भडंगला रोज ढबू मिरची का लागते

उन्हाळ्याच्या आधी पुतणीनं गिनीपिगचं पिल्लू आणलं, महिन्याभराचं असेल, नाव ठेवलं भडंग. सांगलीत दुसरं काय ठेवणार. आई त्याला अजून उंदीरच म्हणते आणि तिचं फार चुकत पण नाही, कारण डुकराशी याचा काही संबंध नाही, आफ्रिकेतल्या गिनीशी पण नाही, हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरातला, कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या जातीतला.

दुकानदार म्हणाला, बाजरी टाका, गहू टाका, पाव द्या, काय पण खातंय. खायचा खरा. पण अडीच-तीन आठवड्यांत पठ्ठ्या कोपऱ्यात बसून राहायला लागला, केस विस्कटलेले, चालताना मागचे पाय ओढायचा, उचललं की किंचाळायचा. डॉक्टरांनी सांधे चाचपले, खायला काय देता विचारलं आणि म्हणाले, अहो याला स्कर्व्ही झालाय.

म्हणजे पूर्वी बोटीवरच्या खलाशांना व्हायचा तोच. कुत्रं, गाय, अगदी घरातला उंदीर, हे सगळे व्हिटॅमिन सी स्वतःच्या लिव्हरमध्ये बनवतात. त्याला शेवटी जे एन्झाइम लागतं त्याचं जीन गिनीपिगात बिघडलेलं आहे, आणि गंमत म्हणजे माणसात पण तेच बिघडलंय, फक्त दोघांचं वेगवेगळ्या काळात. सी नसलं की कोलॅजन, म्हणजे शरीर जोडून धरणारं प्रथिन, धड बनत नाही, मग सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येतं. 1907 साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख हे दोघे खरं तर बेरीबेरी या दुसऱ्याच आजाराच्या मागं लागलेले, त्यांनी गिनीपिगांना नुसतं धान्य नि पाव घातला तर झाला स्कर्व्ही. उंदीर घेतले असते तर तो दिसलाच नसता. आमच्या दुकानदारानं तोच प्रयोग आमच्या घरी परत करून दाखवला, फुकटात.

डॉक्टरांनी थोडे दिवस तोंडातून सी दिलं, आता रोजचं आमच्याकडं. हिशोब असा की किलोमागं दिवसाला 10 ते 30 मिलिग्रॅम, वाढत्या पिल्लाला वरचाच आकडा धरायचा. वाटीत बसवून काट्यावर ठेवला तर 300 ग्रॅम भरला, म्हणजे 9 मिलिग्रॅम. हिरव्या ढबूत 100 ग्रॅममागं साधारण 80 असतं, 12 ग्रॅमचा तुकडा झाला की बास. पेरूत तर 200 च्या वर, पण साखर पण आली, म्हणून आठवड्यातून एखादी छोटी फोड (अँडीजमधल्या पेरू देशातनं आलेल्याला पेरू, हा जोक पुतणीचा). पाण्यात ड्रॉप टाकायच्या भानगडीत पडू नका, सी त्यात टिकत नाही आणि चव बदलली की हे पाणीच सोडतात.

पोट मात्र ढबूनं भरायचं नाही, वाळल्या गवतानं. दात जन्मभर वाढतात, ते गवत चावूनच झिजतात, आणि आतडं सारखं चालू राहावं लागतं, अर्धा दिवस काही खाल्लं नाही तर सरळ डॉक्टर गाठायचा. आपल्याकडं वैरणीला तोटा नाही, पण लसूणघासात कॅल्शियम जास्त, पिल्लू असेपर्यंत थोडा चालतो, मोठेपणी त्यानं मूतखडे होतात. हरळी चालते पण बांधावरची आणायची तर तणनाशक मारलंय का ते आधी विचारा. कोवळी ज्वारी नकोच, तिच्यातनं सायनाइड तयार होतं, ती जनावराला का घालत नाहीत हे गावाकडं कुणालाही विचारा.

आणि हो, आपलीच मऊ लेंडी खाताना दिसला तर घाबरू नका, आतड्यातल्या बॅक्टेरियांनी बनवलेलं बी व्हिटॅमिन असं परत पोटात जातं. आईनं ते बघून दोन दिवस त्या खोलीत पाय टाकला नाही. याच बॅक्टेरियांमुळं अमॉक्सिसिलिनसारखं औषध आपल्या मनानं द्यायचं नाही, चांगले बॅक्टेरिया मरतात, वाईट माजतात आणि पिल्लू जातं. ऊन तर अजिबात सोसत नाही, तीसच्या आसपास पारा गेला तरी धोका, आमच्याकडं एप्रिलात चाळीस, मग फरशीवर ओलं गोणपाट आणि खिडकी बंद.

आता फ्रिजचं दार वाजलं की आतल्या खोलीतनं वीक वीक सुरू. आई भाजीला ढबू चिरते, एक तुकडा बाजूला काढते आणि ओरडते, अगं तुझ्या उंदराचं घेऊन जा.