राज्यपाल (भारत)

राज्यपाल हा भारतातील घटकराज्याचा घटनात्मक प्रमुख. महाराष्ट्र शासनाचा कोणताही शासन निर्णय उघडला, तर शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ दिसते आणि तिच्याखाली सही असते मंत्रालयातल्या एखाद्या अधिकाऱ्याची. या पदाचे स्वरूप त्या ओळीत आणि सहीत सामावलेले आहे. संविधानाच्या अनुच्छेद 154 प्रमाणे राज्याचा कार्यकारी अधिकार राज्यपालांच्या ठायी असतो आणि कारभार त्यांच्या नावाने चालतो. निर्णय मात्र विधानसभेला जबाबदार असलेले मंत्रिमंडळ घेते. शमशेर सिंग खटल्यात (1974) सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी हे स्पष्ट केले : मोजके अपवाद सोडले, तर राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागायचे.

राज्यपालांची नेमणूक राष्ट्रपती करतात, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकार करते. वय किमान 35 वर्षे हवे. मुदत पाच वर्षांची, पण राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच. राज्याच्या विधिमंडळाला त्यांना हटवता येत नाही. सल्ला एका सरकारचा आणि पद दुसऱ्या सरकारच्या हाती, ही या रचनेतली मूळ अडचण आहे. मुंबईत आणि दिल्लीत वेगवेगळ्या पक्षांची सत्ता असली की ती उघडी पडते.

स्वेच्छाधिकाराचा, म्हणजे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याशिवाय स्वतः निर्णय घेण्याचा, सर्वांत नाजूक प्रसंग म्हणजे मुख्यमंत्र्याची निवड. स्पष्ट बहुमत असेल तर प्रश्नच नसतो. ते नसेल, तर निवाडा सभागृहात व्हावा, राज्यपालांच्या दालनात नव्हे, हे बोम्मई खटल्यापासून (1994) ठरलेले आहे. तरीही 23 नोव्हेंबर 2019 च्या पहाटे महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली, सकाळी शपथविधी झाला आणि बहुमत चाचणीचा आदेश अखेर सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. जून 2022 मध्ये तत्कालीन सरकारला बहुमत सिद्ध करायला सांगण्यासाठी राज्यपालांपुढे पुरेसा वस्तुनिष्ठ आधार नव्हता, असेही त्याच न्यायालयाने मे 2023 मध्ये नोंदवले.

महाराष्ट्राच्या राज्यपालांवर अनुच्छेद 371(2) खाली एक वेगळी जबाबदारी आहे : विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांना विकासखर्चाचा न्याय्य वाटा मिळतो की नाही, हे पाहण्याची. त्यासाठी 1994 मध्ये स्थापन झालेल्या विकास मंडळांची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली. अनुशेषावर, म्हणजे मागे राहून गेलेल्या विकासावर, वर्षानुवर्षे बोलणाऱ्या भागांसाठी ही साधी बाब नाही. याशिवाय पाचव्या अनुसूचीखालील आदिवासी क्षेत्रांत एखादा कायदा लागू होणार नाही किंवा फेरबदलांसह लागू होईल, असे राज्यपाल अधिसूचनेने ठरवू शकतात. राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांचे ते कुलपतीही असतात.

पण राज्यपालांची खरी ताकद कालावधीत आहे. विधेयक समोर आले की अनुमती द्यावी, ती रोखावी, धन विधेयक (कर व सरकारी खर्चाविषयीचे) नसेल तर फेरविचारासाठी परत पाठवावे किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवावे, असे अनुच्छेद 200 सांगतो. दिवस मात्र मोजून देत नाही. नकार दिला तर कारण विचारता येते, नुसते पडू दिले तर विचारायचे कुणाला? विधान परिषदेवरच्या बारा नामनियुक्त सदस्यांची यादी नोव्हेंबर 2020 मध्ये राज्यपालांकडे गेली. पुढच्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वाजवी मुदतीत निर्णय अपेक्षित असल्याचे म्हटले, तरी सरकार बदलेपर्यंत ती तशीच राहिली.

तामिळनाडूतील रखडलेल्या विधेयकांवरून एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने राज्यपालांना मुदती आखून दिल्या आणि दहा विधेयकांना अनुमती मिळाल्याचे मानले. नोव्हेंबर 2025 मध्ये, राष्ट्रपतींनी मागितलेल्या अभिमतात, पाच न्यायमूर्तींनी अशा मुदती आणि ‘मानीव अनुमती’ संविधानात बसत नाहीत असे सांगितले. मात्र दीर्घकाळ, कारण न देता काहीच केले नाही, तर न्यायालय राज्यपालांना निर्णय घ्यायला सांगू शकते. तो कोणता घ्यावा, हे मात्र सांगणार नाही.