ब्लेड बॅलन्सिंग वेगळं आणि ट्रॅकिंग वेगळं, टेप लावण्याआधी एवढं वाचा

हेली, म्हणजे आपलं रिमोटवर उडणारं मॉडेल हेलिकॉप्टर, हवेत थरथरायला लागली की आपल्या नाशकातल्या कुठल्याही ग्राउंडवर पहिलं वाक्य ठरलेलं, "ब्लेड बॅलन्स नाहीत रे, टेप लाव." लगेच कुणाच्या तरी किटमधून इन्सुलेशन टेप निघते, एका ब्लेडला पट्टी चिकटते, थरथर तशीच, मग अजून एक पट्टी, मग दुसऱ्या ब्लेडला. चांगल्या महागाच्या कार्बन ब्लेडची अशी दशा बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा गडबड बॅलन्सची नसतेच, ट्रॅकिंगची असते. टायरवाल्याकडे गाडी नेली तर बॅलन्सिंगचे आणि अलाइनमेंटचे पैसे आपण वेगवेगळे देतो, रिमला शिसं ठोकून अलाइनमेंट सुधारेल असं कुणाला वाटत नाही. मग हेलीच्या बाबतीत ही दोन कामं एकच कशी होतात?

बॅलन्सिंग म्हणजे वजनाचा मामला. हेली बंद, ब्लेड टेबलावर. हे बहुतेकांना येतं म्हणून फार लांबवत नाही, फक्त एकच सांगतो. दोन ब्लेडं काट्यावर सारखी भरली म्हणजे बॅलन्स झाली असं नाही. सराफ बाजारातल्या काट्यावर पॉइंट शून्य एक ग्रॅमपर्यंत जुळवून आणलेली जोडीसुद्धा हादरे देऊ शकते, कारण वजन किती आहे याच्याइतकंच ते कुठे आहे हे महत्त्वाचं. समजा ७०० साइजची हेली आहे, ब्लेड १८० ग्रॅमचं, त्याचा सीजी (गुरुत्वमध्य) मास्टपासून, म्हणजे मधल्या उभ्या दांड्यापासून, ४० सेंमीवर आणि हेडस्पीड, म्हणजे रोटरचा वेग, मिनिटाला २००० फेरे. गणित केलं तर प्रत्येक ब्लेड ग्रिपला (ब्लेड धरणाऱ्या पकडीला) सुमारे ३२० किलोच्या ताकदीने बाहेर ओढत असतं. एका ब्लेडमधे १ ग्रॅम जास्त असेल तर साधारण १.८ किलोची ओढ एका बाजूला उरते. आणि वजन अगदी सारखं पण सीजी २ मिमी सरकलेला असेल तरी १.६ किलो उरतेच. म्हणजे जवळपास तेवढंच नुकसान, आणि काट्यावर ते दिसणारही नाही. म्हणून आधी दोन्ही ब्लेडं गोल दांडीवर आडवी तोलून सीजी एकाच जागी आणा, मग हलक्या ब्लेडला बरोबर त्या सीजीवरच टेप लावून वजन जुळवा, मग दोन्ही एका बोल्टवर जोडून शेवटचं बघून घ्या. टिपवर टेप लावून वजन भरायचं नाही, सीजी परत सरकतो. बॅलन्सिंग संपलं. चांगल्या कंपनीची कार्बन ब्लेडं फॅक्टरीतूनच जोडी जुळवून येतात, त्यामुळे बऱ्याचदा इथे काही करावंच लागत नाही.

आता ट्रॅकिंग, खरी गल्लत इथेच होते.

ट्रॅकिंग म्हणजे दोन्ही ब्लेडांच्या टिपा एकाच पातळीत फिरतायत का. याचा वजनाशी थेट संबंध नाही, पिचशी, म्हणजे ब्लेडच्या तिरकेपणाच्या कोनाशी आहे. एका ब्लेडचा पिच दुसऱ्यापेक्षा अर्धा डिग्री जरी जास्त असेल तरी ते जास्त लिफ्ट घेतं, वरून फिरतं, दुसरं खालून, आणि एका डिस्कच्या (फिरत्या ब्लेडांच्या तबकडीच्या) जागी दोन डिस्क दिसायला लागतात. ब्लेडं कितीही परफेक्ट बॅलन्स केलेली असली तरी हे होणार, कारण पिच ठरवते स्वॅशप्लेटपासून (मास्टवरची, ब्लेडांचा कोन बदलणारी तबकडी) ग्रिपपर्यंत जाणारी लिंक, ब्लेड नाही. म्हणून याचं औषध टेप नाही, लिंकची लांबी.

लोक फसतात कारण दोन्हीचं लक्षण एकच, थरथर. मोठ्या हेलिकॉप्टरवाल्यांचा जुना ठोकताळा आहे की आडवा हादरा म्हणजे बॅलन्स आणि वर-खाली हादरा म्हणजे ट्रॅक, पण आपलं मॉडेल इतकं हलकं असतं की टेल बूम दोन्हीत थरथरतो, त्यामुळे नुसतं शेपटीकडे बघून निदान करू नका. आजकाल फ्लायबारलेस युनिटमधला (हेली स्थिर ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीतला) व्हायब्रेशन लॉग दाखवून "बघ, मेन रोटरचा स्पाइक आहे, म्हणजे बॅलन्स" असं ठासून सांगणारे भेटतात. अहो, २००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३३ फेऱ्या. बॅलन्स गेला तरी फेरीला एक हादरा, ट्रॅक गेला तरी फेरीला एकच हादरा. दोन्हीचा स्पाइक ३३ हर्ट्झवरच येणार! ग्राफ इतकंच सांगतो की गडबड मेन रोटरमधे आहे, टेलमधे किंवा मोटरमधे नाही. त्यापुढे डोळेच लागतात.

डोळ्यांनी बघायचं कसं? दोन्ही टिपांना एकाच रुंदीची, एकाच जागी, दोन वेगळ्या रंगांची पट्टी लावा, मला लाल आणि पिवळी आवडते. दोन्हीला लावा म्हणजे दोन्हीला, एकालाच रंगीत टेप लावून ट्रॅक बघणारा माणूस त्याच क्षणी स्वतःच्या हाताने बॅलन्स बिघडवत असतो. थंडीतली सकाळ घ्या, गिरणारे-दिंडोरीकडच्या माळावर नऊच्या आत हवा एकदम स्थिर असते, वाऱ्यात ट्रॅक बघण्यात अर्थ नाही कारण डिस्क सतत झुकत राहते. (जागा ठरवताना डिजिटल स्काय मॅप, म्हणजे ड्रोन कुठे उडवता येतात ते दाखवणारा सरकारी नकाशा, बघायलाच पाहिजे, ओझरचा विमानतळ आणि गांधीनगरचं आर्मी एव्हिएशन दोन्ही आपल्याच गावात आहेत, हा विषय हलका नाही.) हेली रोजच्या हेडस्पीडवर आणा, डोळ्याच्या उंचीला होव्हर करा (एका जागी तरंगत ठेवा), आणि लांबून डिस्कची कड बघा. डिस्कच्या पातळीत जवळ कुणी उभं राहायचं नाही, वाकून बघायला तर मुळीच नाही, टिपचा स्पीड ताशी ५०० किमीच्या वर असतो आणि कार्बन वाकत नाही, कापतं. लांबून नीट दिसत नसेल तर मोबाइल ट्रायपॉडवर लावून व्हिडिओ घ्या आणि आपण लांब राहा.

ट्रॅक बरोबर असेल तर कडेला एकच नारिंगीसर रेघ दिसते, लाल-पिवळं मिसळून. चुकला असेल तर वर एक रंग, खाली दुसरा, मधे काळपट फट. जो रंग वर त्या ब्लेडचा पिच जास्त. बॅलन्स कितीही गेलेला असू दे, अशा दोन वेगळ्या रेघा उघड दिसत नाहीत, सगळी हेली हलते पण रेघ एकच राहते. निदान करायला हा एकच फरक मला पुरतो. (जड ब्लेड किंचित खालून फिरतं हे खरं, म्हणूनच क्रम ठरलेला, आधी बॅलन्स मग ट्रॅक, उलट केलं तर काम दोनदा.)

बरं, पिवळी वर आहे, आता लगेच लिंक फिरवायची का? नाही. आधी अदलाबदल करा. ग्रिपवर मार्करने खूण करा, दोन्ही ब्लेडं काढा, याची ग्रिप त्याला आणि त्याची याला, परत होव्हर. वरची रेघ जर त्याच ग्रिपपाशी राहिली, म्हणजे आता लाल वर आली, तर दोष हेडमधे (ब्लेडं बसतात त्या वरच्या भागात) आहे, लिंक किंवा स्पिंडल (दोन्ही ग्रिप जोडणारी दांडी) किंवा डँपर (तिचे रबरी आधार). आणि ब्लेडबरोबर पलीकडच्या ग्रिपला गेली, म्हणजे अजूनही पिवळीच वर आहे, तर दोष ब्लेडमधे. पाच-दहा मिनिटांचं काम, एक रुपया खर्च नाही, आणि तरी हे कुणी करत नाही याचं मला फार आश्चर्य वाटतं. कार्बनच्या बाबतीत उत्तर जवळपास नेहमी हेडच येतं. लाकडी ब्लेडांच्या काळात ब्लेड स्वतः पिळायचं, पावसाळ्यात दमट हवा खायचं, तेव्हाच्या सवयीने अजूनही आधी ब्लेडवर संशय घेतला जातो. कार्बन ताठ असतं, त्याला तो रोग नाही.

दोष हेडमधे निघाला तर आधी स्पिंडल काढून काचेवर गडगडवा. क्रॅश झालेल्या हेलीचा स्पिंडल डोळ्याला सरळ दिसतो आणि काचेवर डगमगतो, आणि वाकडा स्पिंडल ठेवून लिंक फिरवत बसलात तर ट्रॅक एका हेडस्पीडला जुळेल, दुसऱ्याला सुटेल. स्पिंडल सरळ असेल तरच लिंक. फ्लायबारलेसमधे वरच्या ब्लेडची लिंक थोडी कमी आणि खालच्याची तेवढीच जास्त असं दोन्हीकडे वाटून घ्या, म्हणजे स्टिक मधोमध असताना येणारा झिरो पिच हलत नाही. एकाच लिंकवर सगळं ढकलणं मला पटत नाही. (लिंक कमी केल्यावर पिच कमी होतो की वाढतो हे तुमच्या हेडवर पिच गेज लावून आधी बघा, ग्रिपचा आर्म ब्लेडच्या पुढे आहे की मागे यावर ते असतं.) आणि किती फिरवायची? एम२.५ च्या थ्रेडला एक पूर्ण फेरा म्हणजे ०.४५ मिमी, ग्रिपचा आर्म २० मिमी धरला तर १.३ डिग्री झाली, हे खूप झालं. म्हणूनच बॉल लिंक काढून एकेक फेरा देण्यापेक्षा टर्नबकलवाल्या लिंक घ्या, जागेवरच थोडं थोडं फिरवता येतं. थोडे पैसे जास्त जातात पण या एका गोष्टीत मी काटकसर करा असं कुणालाच सांगणार नाही.

मोठ्या हेलिकॉप्टरवर हेच काम पूर्वी झेंड्याने व्हायचं, टिपांना वेगवेगळ्या रंगाचा खडू फासायचा आणि काठीला ताणलेलं कापड फिरत्या डिस्कच्या कडेला अलगद टेकवायचं, कापडावर खुणा एकावर एक उमटल्या तर ट्रॅक ठीक. पुढे स्ट्रोब लाइट आले. गांधीनगरवरून उडणारी चेतक, चीता आपण रोज बघतो, त्यांना तर तीन ब्लेडं, तिथेही बॅलन्स आणि ट्रॅक ही दोन वेगळीच कामं.

बाकी किरकोळ. ब्लेड बोल्ट दोन्हीकडे सारखा टाइट, हेली आडवी धरली तर ब्लेड स्वतःच्या वजनाने पडायला नको पण हलक्या झटक्याने दुमडायला पाहिजे. नवीन असो की जुनं, लावण्याआधी नाण्याने टकटक करत मुळापासून टिपपर्यंत जा, कुठे आवाज बद्द आला तर आत थर सुटलाय. बोल्टच्या भोकाजवळ केसाएवढी चीर दिसली किंवा ब्लेड जमिनीला लागलं तर ते ब्लेड गेलं, इन्स्टंट ग्लू भरून उडवणाऱ्यांच्या जवळ मी उभा राहत नाही. आणि एक गेलं तर जोडीच घ्या, सुटं जुनं ब्लेड दुसऱ्या सुट्या जुन्या ब्लेडशी टेप लावून जुळवत बसू नका, वजन जुळेल, सीजीही जुळेल, पण दोघांचा ताठपणा सारखा असेलच असं नाही आणि मग जास्त कलेक्टिव्ह दिला (दोन्ही ब्लेडांचा पिच एकदम वाढवला) की रेघा परत दोन होतील.